तुमच्याकडे कोण येऊन गेलं?

"काकू, काल रात्री तुमच्याकडे कोण येऊन गेलं हो? एवढा ताशा वाजत होता, मला वाटलं कुणाची वरात चुकून आपल्या गल्लीत शिरली!"

शेजारच्या वहिनी कंपाउंडच्या भिंतीवरून कडीपत्ता खुडत विचारत होत्या. झाड माझं, पण निम्म्या फांद्या त्यांच्या अंगणात. त्यामुळे रोज फोडणीच्या वेळेला अख्ख्या बदलापूरच्या बातम्या या भिंतीवर जमा होतात. रविवार होता, १७ नोव्हेंबर २०२४. बुधवारी मतदान आणि सोमवारी संध्याकाळी भोंगे बंद. म्हणजे उमेदवारांना दारं ठोठावायला जेमतेम दोन दिवस उरलेले.

"उमेदवार कुठले यायला? त्यांची माणसं होती," मी म्हटलं. "एकाने पत्रक दिलं, दुसऱ्याने फोटो काढला, तिसरा म्हणाला, 'काकू, लक्ष असू द्या.' मी म्हटलं, आमचं लक्ष असतंच बाबा, तुमचं पाच वर्षं कुठे असतं ते सांग. तर हसत हसत पुढच्या दारात."

"आणि पत्रकात काय?"

"काय नाही ते विचारा. मेट्रो आहे, नवी लोकल आहे, पाणी चोवीस तास आहे, रोजगार आहे, नदी स्वच्छ आहे. आता आपल्याला फक्त देवच यायचा बाकी."

"मेट्रो? ती कांजूरमार्गहून येणार म्हणतात ती चौदा नंबरची?" वहिनींनी कपाळाला हात लावला. "आधी सकाळच्या लोकलमध्ये पाय टेकवायला जागा करा म्हणावं. आमचा धाकटा रोज दारात लोंबकळत जातो, तो घरी परत येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो."

तेवढ्यात पलीकडच्या घरातले नाना पेपर काखोटीला मारून आलेच. नाना म्हणजे अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले. उभी हयात अंबरनाथला काढली आणि उतारवयात मुलाबरोबर बदलापूरला आले. आम्हा दोघींनाही नातवंडं झाली तरी ते आम्हाला 'पोरींनो' म्हणतात.

"पोरींनो, लोकल आमदार देत नसतो," नानांनी सुरुवात केली. "रेल्वे दिल्लीची. ऑगस्ट २०२२ आठवतो ना? साध्या गाड्यांच्या जागी एसी लोकल सोडल्या, तेव्हा बदलापूरकर स्टेशनात जाब विचारायला उभे राहिले, तिकडे कळव्याचे लोकही उठले. आठवडाभरात मध्य रेल्वेने वाढवलेल्या दहा एसी फेऱ्या मागे घेतल्या. पास काढून उभ्याने जाणाऱ्यांनी ते करून घेतलं."

"मग उमेदवार मारे लोकलच्या गप्पा मारतात ते?"

"अगदीच हवेत नाही मारत. कल्याण ते बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका २०१९ मध्येच मंजूर झालीय. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधे चिखलोलीचं नवीन स्टेशन त्यातच आहे. या प्रकल्पांचा निम्मा खर्च राज्य सरकार उचलतं आणि जमीन मिळवून देणं तर महसूल खात्याचंच काम. तेव्हा दारात आला तर विचारायचं, 'दादा, राज्याचा हप्ता दिलात का? जमीन कुठल्या गावाशी अडलीय?' एवढं विचारलं की तोंडावरचं हसू मावळतं बघ."

नानांचं हे असं. मनुष्य पेपर वाचत नाही, तपासतो.

वहिनींना मात्र वेगळीच शंका. "पण मला सांगा, आपण बदलापूरचे. मग मत मुरबाडला का जातं?"

"अहो, आपलं सगळंच तसलं आहे," मी म्हटलं. "नगरपालिका कुळगाव-बदलापूरची, तालुका अंबरनाथ, आमदार मुरबाडचा, खासदार भिवंडीचा आणि नोकरी मुंबईत. आपलं म्हणावं असं आपल्याकडे काय आहे, तर ही भिंत."

"आणि तीही निम्मी माझी," वहिनी म्हणाल्या.

मग गाडी उमेदवारांवर घसरली. मुरबाडला भाजपचे किसन कथोरे. त्यांचा प्रवास नानांना तोंडपाठ. २००४ मध्ये राष्ट्रवादीकडून अंबरनाथला शिवसेनेच्या साबीर शेख यांच्यासारख्या माजी मंत्र्याला हरवलं. २००९ मध्ये अंबरनाथ राखीव झालं, तेव्हा मुरबाडला गेले आणि तिथेही निवडून आले. २०१४ ला भाजपमध्ये. पक्ष बदलला, मतदारसंघ बदलला, आमदारकी तेवढी बदलली नाही. समोर शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे सुभाष पवार, म्हणजे माजी आमदार गोटीराम पवारांचे चिरंजीव.

"मुरबाडच्या गावात सभा असली की बोलतात मुरबाड रेल्वेवर आणि धरणग्रस्तांवर," नाना म्हणाले. "इकडे बदलापुरात आले की पाणी आणि ट्रॅफिक. एकाच मतदारसंघात दोन जग. शेतावरच्या माणसाला एक सांगायचं आणि सातव्या मजल्यावरच्याला दुसरं."

पाण्याचा विषय निघाला आणि वहिनींचा आवाज चढला. दोन दिवस झाले, मोटर लावली की नळातून नुसता वारा. त्यांनी पिंपं, कळश्या, कुकरचं भांडंसुद्धा भरून ठेवलेलं. "एवढं मोठं बारवी धरण आपल्या उशाशी आणि मी मेली कुकरमध्ये पाणी साठवते!"

"बारवीचं पाणी तुझ्यासाठी नाहीच मुळी," नानांनी समजावलं. "ते धरण एमआयडीसीचं. उंची वाढवल्यावर त्यात सुमारे ३४० दशलक्ष घनमीटर पाणी मावतं. ते जातं कारखान्यांना, उल्हासनगरला, कल्याण-डोंबिवलीला, ठाण्याला, पार मीरा-भाईंदरपर्यंत. आपल्याला प्यायला मिळते उल्हास नदी, तीसुद्धा बॅरेजवरून जीवन प्राधिकरणाने उचललेली. धरण होताना ज्यांची गावं, घरं, जमिनी गेल्या ते मुरबाडकडचे लोक वर्षानुवर्षं लढले, तेव्हा कुठे धरणाचं पाणी पिणाऱ्या महापालिकांत त्यांच्या घरटी एकाला नोकरी द्यायचं ठरलं."

"म्हणजे गावं त्यांची गेली, पाणी ठाण्याला आणि पिंपं आमची रिकामी?"

"हो. आणि हे सगळं एमआयडीसी, जीवन प्राधिकरण, पाटबंधारे. तिन्ही खाती राज्याची. इथे आमदाराला बोलायला भरपूर वाव आहे. किती कोटा, कुणाला, कधी वाढवून मिळणार, हे सगळं मंत्रालयात ठरतं. पण पत्रकात बघ, 'मुबलक पाणी' एवढंच. किती लिटर, कुठून, केव्हा, यावर एक ओळ नाही."

मी पत्रक उलटसुलट करून पाहिलं. खरंच नव्हती.

"आता अंबरनाथचं सांगा नाना, तुमच्या माहेरचं," वहिनींनी खोडी काढली.

नाना खुलले. अंबरनाथ राखीव मतदारसंघ. डॉ. बालाजी किणीकर २००९ पासून सलग निवडून येताहेत. या वेळी ते शिंदेंच्या शिवसेनेकडून आणि समोर ठाकरेंच्या शिवसेनेचे राजेश वानखेडे. दोन्हीकडे बाळासाहेबांचा फोटो, दोन्हीकडे भगवा. नानांच्या जुन्या चाळीतल्या म्हाताऱ्यांचा म्हणे नुसता गोंधळ उडालेला. एकाने तर विचारलं, "धनुष्यबाण आपला की मशाल आपली, तेवढं सांगा, बाकी काही ऐकायचं नाही."

"पण एक काम झालंय," नाना म्हणाले. "अंबरनाथला सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, याच वर्षी, शंभर जागांचं. उमेदवाराने सांगितलं तर त्यात खोटं काही नाही. प्रश्न पुढचा आहे. कॉलेजला जोडून रुग्णालय कधी उभं राहणार? आज बदलापूरला कुणाला रात्री जास्त झालं तर काय करतो आपण? रिक्षा नाहीतर ॲम्ब्युलन्स काढून थेट उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय. तिकडे गर्दी इतकी की वॉर्डात जागा मिळाली तर देवाचे आभार. चार शहरांचा भार त्या एका इमारतीवर."

"आणि शिवमंदिर?"

"त्याचं सुशोभीकरण चाललंय. १०६० सालचं मंदिर, शिलाहार राजांनी बांधलेलं. दगडातलं एकेक शिल्प बघत राहावं असं. पण त्याच्या अंगाशी वाहणाऱ्या वालधुनीचं काय? ही नदी काकोळ्याकडून निघते. तिथल्या तलावाचं पाणी रेल्वे बाटलीत भरून 'रेल नीर' म्हणून विकते. तीच नदी उल्हासनगरला पोचेपर्यंत नाक धरल्याशिवाय पुलावर उभं राहवत नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये कुणीतरी तिच्यात रसायनं ओतली आणि त्या वायूने शेकडो लोक रुग्णालयात गेले. वनशक्ती संस्था त्याआधीच हरित लवादाकडे गेली होती, २०१५ मध्ये लवादाने दंड ठोठावला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं."

वहिनी गप्प झाल्या. त्यांचं माहेर उल्हासनगरचं, कॅम्प चारचं. वालधुनीचा विषय निघाला की त्यांना आपल्या माणसांबद्दल कुणी बोलतंय असं वाटतं.

"नाना, तुम्ही नदीचं सांगता ते खरं. पण जीन्स धुण्याचे कारखाने बंद झाले तेव्हा माझ्या माहेरच्या गल्लीतल्या किती घरांची चूल थंडावली ते मी पाहिलंय. आता उमेदवार एका सभेत म्हणतो नदी स्वच्छ करणार आणि दुसऱ्या सभेत म्हणतो जीन्सचा धंदा परत आणणार. दोन्ही करायचं तर सांडपाणी प्रक्रियेचं सामायिक केंद्र लागेल. ते कोण बांधणार, कुणाच्या पैशाने, हे विचारलं की ढोल जोरात वाजायला लागतात."

मला वहिनींचं कौतुक वाटलं. एरवी त्या मालिकांवर बोलतात. पण माहेरच्या बाबतीत त्यांना पक्षबिक्ष दिसत नाही, नेमकं दुखणं दिसतं.

"आणि तिकडची लढत काय म्हणते?" मी विचारलं.

"तीच ती, कलानी आणि आयलानी!" वहिनी हसल्या. "आमच्याकडे निवडणूक म्हणजे दोन घरांतलं भांडण, गाव नुसतं मोजायला. पप्पू कलानी १९९० पासून चार वेळा, २००९ ला कुमार आयलानी, २०१४ ला ज्योती कलानी, २०१९ ला परत आयलानी, तेही दोन हजारांच्या आसपास मतांनी. आता कलानींचा मुलगा ओमी उभा आहे, शरद पवारांकडून. माझा भाऊ म्हणतो, ताई, आमच्या इमारतीचा स्लॅब टिकला तर मत द्यायला येईन."

हे ऐकून हसू आलं, पण विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांना ठेवलं आणि १९४९ मध्ये त्याचं उल्हासनगर झालं. बराकींच्या जागी घरं, घरांवर मजले, मजल्यांवर आणखी मजले. परवानगीची फिकीर कुणी केली नाही. अखेर २००६ मध्ये सरकारने खास उल्हासनगरपुरता कायदा केला, बेकायदा बांधकामं नियमित करण्याचा. तोही कागदावरच रेंगाळला. मे २०२१ मध्ये पंधरवड्यात दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. साईशक्ती इमारतीत सात माणसं गेली. नव्वदीच्या दशकात रेतीची चणचण होती, तेव्हा उलवा नावाची हलक्या प्रतीची रेती घालून बांधलेल्या इमारती आता दगा देताहेत, असं तेव्हा सगळीकडे बोललं गेलं.

"भावाच्या हॉलच्या छताला पोपडे सुटलेत," वहिनी म्हणाल्या. "आतली सळई दिसते, गंजून पार काळी झालेली. त्याने खाली टेबल ठेवलंय, म्हणजे तुकडा पडलाच तर टेबलावर पडेल. मुलं त्याच टेबलाखाली अभ्यास करतात. स्ट्रक्चरल ऑडिट करा म्हणून कागद येतो, पण ऑडिटनंतर जायचं कुठे? घर नियमित नाही म्हणून कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून पुनर्विकास नाही."

"आता हे बघा," नानांनी पेपर भिंतीवर आपटला. "हे शंभर टक्के आमदाराचं काम. कायदा विधानसभेचा, नियम नगरविकास खात्याचे, दंड किती घ्यायचा ते मंत्रालयात ठरणार. इथे दिल्लीकडे बोट दाखवता येत नाही. म्हणून इथेच सगळे उमेदवार मोघम बोलतात. 'उल्हासनगरला न्याय देऊ.' अरे, पण कुठल्या महिन्यात?"

तेवढ्यात वहिनींचा धाकटा दात घासत बाहेर आला. "नाना, आमदाराला वर्षाला निधी किती मिळतो हो?"

"स्थानिक विकास निधी पाच कोटी."

"आणि पत्रकातली कामं?"

"पाच हजार कोटींची," मी म्हटलं आणि सगळे हसलो.

"तसं नाही," नाना म्हणाले. "पाच कोटी खर्च करणं हे त्याचं खरं कामच नाही. सभागृहात प्रश्न विचारणं, लक्षवेधी लावणं, अर्थसंकल्पात आपलं काम बसवणं, एमएमआरडीएकडून पैसा आणणं, हे काम. पण आपण त्याला गटारावर उभं केलंय. आणि करणार काय? अंबरनाथ-बदलापूरला मे २०२० पासून नगरसेवकच नाहीत, उल्हासनगरला २०२२ पासून. सगळीकडे प्रशासक. मग खड्डा पडला की आमदार, दिवा गेला की आमदार, कुत्री पकडायची तरी आमदार."

"आणि लाडकी बहीण योजना?" धाकट्याने आईला डिवचलं.

"त्याला नावं ठेवू नकोस," वहिनी एकदम म्हणाल्या. "आपल्या भांडीवाल्या मावशींच्या खात्यात साडेसात हजार आले दिवाळीआधी. त्यांनी नातीचा क्लास लावला. आता सत्तेतले म्हणतात एकवीसशे देऊ, विरोधक म्हणतात तीन हजार देऊ. मावशी म्हणाल्या, 'ताई, बोली लागलीय तर लागू दे, कुणीतरी आमच्या नावाने बोलतंय.' त्यांच्यापुढे माझी मेट्रो काय घेऊन बसू?"

यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. मावशींचं म्हणणं चुकीचं नाही. वर्षानुवर्षं जिला पत्रकात ओळसुद्धा मिळाली नाही, तिच्या खात्यात पैसे पडले.

मग मीच तो विषय काढला, जो ऑगस्टपासून बदलापुरात कुणी मोठ्याने काढत नाही. "या सगळ्या पत्रकांत २० ऑगस्टबद्दल काय आहे?"

सगळेच शांत. शाळेतल्या चिमुरड्यांवर अत्याचार झाला, आईबापांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावं लागलं आणि २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले. नऊ-दहा तास गाड्या बंद. अख्ख्या देशाने बदलापूरचं नाव ऐकलं.

"'महिला सुरक्षेला प्राधान्य' असं लिहिलंय एका ओळीत," मी म्हटलं. "खाली टॉर्च घेतलेल्या बाईचं चित्र."

वहिनींचा चेहरा बदलला. "प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती नेमा, असा सरकारी आदेश २०२२ चा आहे. माझी भाची शिक्षिका आहे, तिने सांगितलं. आमच्या दारात येणाऱ्या एकाने तरी सांगावं, आपल्या गावातल्या किती शाळांत ती बसते. पोलीस ठाण्यात रात्री बाई अधिकारी असते का, तक्रार लगेच नोंदवून घेतात का. पोलीस राज्याचे, शाळा खातं राज्याचं. यासाठी दिल्लीला जावं लागत नाही."

इतक्या वेळात ही एकच गोष्ट अशी निघाली की नानांना तिच्यात काही भर घालावीशी वाटली नाही.

पुढच्या रविवारी भिंतीवर निकाल मांडला होता. किसन कथोरे ५२ हजारांहून अधिक मतांनी, किणीकर ५१ हजारांहून अधिक मतांनी, आयलानी ३० हजारांहून अधिक मतांनी. तिन्ही ठिकाणी महायुती, तिन्ही जुने चेहरे. उल्हासनगरला दोन हजारांवरून तीस हजारांवर गेलेलं मताधिक्य पाहून वहिनी म्हणाल्या, "मावशींची बोली लागली खरी."

"कथोरे पाचव्यांदा, किणीकर चौथ्यांदा, आयलानी तिसऱ्यांदा," नानांनी हिशेब केला. "आता यांच्यापैकी कुणालाही 'मी नवीन आहे, समजून घेतो' असं म्हणायची सोय नाही."

त्यानंतर आणखी एक गोष्ट झाली. डिसेंबर २०२५ मध्ये अंबरनाथ-बदलापूरच्या पालिकांच्या आणि जानेवारी २०२६ मध्ये उल्हासनगर महापालिकेच्या निवडणुका अखेर झाल्या. म्हणजे गटार, दिवा, कचरा, खड्डा विचारायला आता वॉर्डातला माणूस आहे. त्याला विचारा, रोज विचारा.

पण आमदाराला मात्र ते विचारू नका. भिंतीवरच्या या गप्पांतून आमचं एकमत झालं ते एवढंच की उमेदवार सगळ्यात मोठ्याने बोलतो ते दुसऱ्याच्या हातातल्या कामावर, म्हणजे लोकलवर. आणि जे पूर्णपणे त्याच्या सरकारच्या हातात आहे, म्हणजे पोलीस ठाणं, शाळा, सरकारी रुग्णालय, धरणाच्या पाण्याचा वाटा, उल्हासनगरच्या इमारतींचा कायदा, त्यावर त्याच्या पत्रकात एकेक गुळगुळीत ओळ असते. पुढच्या वेळी ताशा वाजवत कुणी तुमच्या दारात आलं तर त्याला चहा द्या, नमस्कार करा आणि एवढंच विचारा: "दादा, यातलं तुमच्या खात्यातलं काय, आणि कुठल्या महिन्यात?"